आडवा आठ

बायकोची, मालनची, औषधं कल्याणच्या घाऊक बाजारात मिळायची, म्हणून गुणाजी अधूनमधून कोपरीहून कल्याणला जाई. त्या दिवशीही गेला. सकाळचं ऊन, हातात कापडी पिशवी आणि तोंडात कुणाच्या ना कुणाच्या नावानं शिवी. रिक्षावाल्यानं शेजारी आणखी एक माणूस कोंबला म्हणून त्याला शिवी. औषधवाल्यानं गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून दिली म्हणून त्याला शिवी. गुणाजी कोळ्याचं हे असंच. देवानं जग केलं ते याला विचारून केलं नाही, याचा राग म्हातारपणीही उतरला नव्हता.

औषधं पिशवीत पडली तसा तो प्रणितच्या दुकानात टेकला. प्रणित त्याच्या चुलत भावाचा नातू. दुकानात पुढं मोबाइलची कव्हरं टांगलेली, आणि मागं काचेच्या कपाटात जुने रोलचे कॅमेरे मांडलेले, खाली पिवळे बल्ब लावून, जणू काही देवच बसवलेत. गुणाजीचा एके काळी कोपरीत फोटो स्टुडिओ होता. त्या गाळ्यात आता मोमो उकडतात. तेव्हा हे कपाट बघितलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची.

त्यातही जास्त उडायची ती एका कॅमेऱ्यानं. तो शिकाऊंचा कॅमेरा होता. नवा होता तेव्हा त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. कॉलेजातल्या पोरांना शिकायला, बापाला परवडावा म्हणून काढलेला. लांबून धातूचा वाटायचा, टिचकी मारली की प्लास्टिक बोलायचं. फोकस हातानं, उजेड हातानं, रोल पुढं ढकलायचा तोही अंगठ्यानं. जरा चार पैसे गाठीला आले की माणूस तो फुंकून मोठा कॅमेरा घ्यायचा. धंदेवाला फोटोग्राफर हा गळ्यात घालून लग्नाला गेला असता तर नवरीच्या मामानं त्याला वाढप्यांच्या पंगतीत बसवलं असतं.

आता सगळं उलटं झालेलं. जे मोठे, महागडे होते ते मेले. त्यांच्या पोटात विजेचं काहीबाही होतं, ते सडलं. हे डबडं मेलं नाही, कारण मरायला त्यात काही नव्हतंच. म्हणून घोडबंदरच्या टॉवरमधली पोरं, खिशात चांगला मोबाइल असताना, नव्याच्या कितीतरी पट मोजून हे डबडं नेतात, गळ्यात घालून कॅफेत बसतात आणि त्याचाच फोटो मोबाइलवर काढतात. गुणाजीला हे कळल्यावर तो दुकानाच्या पायरीवर थुंकला होता. प्रणितनं पाणी टाकून धुतलं होतं.

"आजोबा, हा एक बघा ना जरा," प्रणित म्हणाला. "सारखा परत येतो."

"परत येतो? कुत्रा आहे का?"

"गिऱ्हाईक आणून देतं हो. म्हणतात फोकस लागत नाही."

"तुमच्या पिढीला नाकाला शेंबूड आलेला कळत नाही. फोकस काय लागणार."

"ऐका तर! सगळ्यांवर लागतो, एखाद्यावरच लागत नाही. ती मेघना म्हणून एक आहे, तिनं नेला. तर तिच्या आजीवर लागेना. मग एकानं नेला, त्याच्या काकावर लागेना. बाकी घरदार एकदम टकाटक."

"मग?"

"मग काय, दिला आणून परत." प्रणित एका मोबाइलच्या काचेखालचा बुडबुडा अंगठ्यानं दाबत होता. "आजी गेली नंतर. काका पण. पण तो विषय वेगळा, म्हातारी होती माणसं. मला पीस खपवायचाय. तुम्ही बघाल ना?"

गुणाजीनं कॅमेरा उचलला. हलका. पोकळ. हातात धरल्यावर लाज वाटावी असा. त्यानं तो औषधांच्या पिशवीत टाकला आणि पाणीसुद्धा न पिता निघाला.

कोपरीतलं त्याचं घर म्हणजे खालची दोन खोल्यांची जागा. मागं गॅलरी, गॅलरीतून खाडीपलीकडचा पारसिकचा डोंगर दिसतो. नव्या इमारतींच्या फटीतून का होईना, पण दिसतो. मागच्या खोलीत खाटेवर मालन. जन्मभर टोपली घेऊन मासळी विकलेली बाई, हाडापेरानं मजबूत. पण आता खाटेवर टाकलेल्या लुगड्याएवढीच उरली होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आजीला घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. याचा अर्थ गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. शेजारची हौसाबाई तर ते ऐकल्यावर पदर तोंडाला लावून उभी राहिली होती. एकट्या गुणाजीला कळला नव्हता. तो म्हणे, "बघा, डॉक्टरनंच सांगितलंय. घरी न्या, खाऊ घाला. बरी आहे ती."

कळला नव्हता असं नाही. घ्यायचा नव्हता.

या मालनचा एकही फोटो घरात नव्हता. फोटोवाल्याची बायको, आणि लग्नापासून एक फोटो नाही. त्याला कारण होतं. गुणाजीचा स्टुडिओ चालायचा तो लग्नांवर कमी आणि मयतांवर जास्त. तेव्हाच्या गरीब घरात माणूस जन्मभर बिनफोटोचा राहायचा, आणि गेला की सगळ्यांना आठवण व्हायची. तिकडं बांबू आले की इकडं कुणीतरी गुणाजीला बोलवायला धावायचं. गुणाजी जायचा. मयताला भिंतीला टेकवून बसवायचा, घरच्यांना दोन्ही बाजूंना बसवायचा, आणि 'रडू नका, हलाल' म्हणून दम भरायचा. मग स्टुडिओत येऊन त्या मयताचे मिटलेले डोळे उघडायचा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल, छापल्यावर बारीक ब्रश. चौकटीतला माणूस टक्क बघायला लागायचा. घरचे म्हणायचे, "अगदी जिवंत वाटतात हो." गुणाजी मनात म्हणायचा, गाढवांनो, जिवंत होता तेव्हा कुठं तडमडला होतात?

खाडीत बुडालेले, तापानं गेलेले, बाळंतपणात गेलेल्या पोरी. कोपरीपासून कळव्यापर्यंत किती भिंतींवर गुणाजीचे डोळे होते, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मालननं लग्न झाल्या झाल्याच सांगून टाकलं होतं, "ज्या हातानं मेल्यांचं डोलं उगारता, त्या हातानं माजा फोटो नको." त्यानं खूप आरडाओरडा केला. ती ऐकली नाही. तिच्यापुढं त्याचं कधीच काही चाललं नाही, आणि जगात असं एकच माणूस होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर गुणाजी कॅमेरा घेऊन खाटेसमोर स्टुलावर बसला. बाहेर ऊन ठणठणत होतं. गल्लीत वाळत घातलेल्या बोंबलांचा वास उंबऱ्यापर्यंत आला होता.

या कॅमेऱ्यात फोकस कसा लावतात, तर डोळा लावला की मधोमध एक गोल दिसतो. त्या गोलात समोरची वस्तू मधून कापल्यासारखी दिसते, वरचा तुकडा एकीकडं, खालचा दुसरीकडं. भिंगाभोवतीची कडी फिरवत न्यायची. तुकडे जुळले की फोकस लागला. आणि ती वस्तू किती लांब आहे, त्याचा आकडा कडीवर दिसतो. तीन फूट, सहा फूट, दहा फूट. शेवटी आकडा संपतो आणि आठ आडवा पाडल्यासारखी एक खूण येते. ती डोंगराची, चंद्राची. जिथं मोजणी संपते तिथली.

त्यानं फळीवरचा हंडा धरला. जुळला, आकडा बरोबर. दाराची कडी धरली. जुळली. खाटेखाली मांजर होतं, तेही जुळलं. "कशाला रडतात भिकारडे," तो पुटपुटला आणि कॅमेरा मालनच्या तोंडावर धरला.

मालन दोन तुकडे. कपाळ इकडं, हनुवटी तिकडं.

त्यानं कडी सहावर आणली. खाट तिथंच होती, सहा फुटांवर. जुळेना. दहावर नेली. जुळेना. तो फिरवत गेला, आकडे मागं पडत गेले, आणि कडी आडव्या आठावर जाऊन अडकली. तिथं मालनचे दोन्ही तुकडे अलगद येऊन एक झाले. भुवईचा केस न् केस दिसत होता.

"काढू नका माजा फोटो," मालन डोळे मिटूनच म्हणाली.

"रोल नाही त्यात. गप पड."

"तरी पन नको." तिनं मान भिंतीकडं वळवली. मग म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. तुमचा आवाज खाडीपल्याडशी आल्यावानी येतंय…"

गुणाजीनं कॅमेरा खाली घेतला. प्रणितचं बोलणं त्याला आठवलं. आजी, आणि काका. त्यानं ते डोक्यातून असं झटकलं की जणू अंगावर झुरळ चढलं होतं.

"कॅमेरा भिकार आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "शिकाऊ डबडं. दुसरं काय होणार."

आता भिंग बिघडलंय असं वाटलं तर ते कसं लावतात, ते कुठलाही कॅमेरेवाला सांगेल. कडीवरचे बारके स्क्रू ढिले करायचे, म्हणजे भिंग न हलता नुसती आकड्यांची कडी फिरते. कॅमेरा लांबच्या डोंगरावर धरायचा, डोंगराचे तुकडे जुळवायचे, कडी आडव्या आठावर आणायची आणि स्क्रू आवळायचे. डोंगर हलत नाही, म्हणून डोंगर. गुणाजी बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅलरीत गेला. स्क्रूला हात लावण्याआधी पारसिकचा डोंगर धरून बघितला. डोंगर आडव्या आठावर चोख जुळला. म्हणजे भिंगात काडीचा दोष नव्हता. शहाणा माणूस इथं थांबला असता.

गुणाजी आत आला. स्टुलावर बसला. खाटेपासून सहा फूट. स्क्रू ढिले केले. आणि डोंगरावर लावायचा फोकस त्यानं बायकोच्या तोंडावर लावला. कपाळ आणि हनुवटी जुळवून धरली, आणि आडव्या आठावरची कडी मागं ओढून सहावर आणली. मेल्याचे डोळे उघडणाऱ्याला हे काय जड. त्यानं स्क्रू आवळले.

शेवटचा स्क्रू बसला आणि खाटेची दोरी कुरकुरली.

मालन उठून बसली होती. "अवो," ती म्हणाली. आवाज अगदी कानाशी. "मना भूक लागलीय."

त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला आणि कालवण केलं. आठवडा सरता सरता ती टोपली शोधायला लागली. हौसाबाई सारखी येऊन बघून जायची, आणि प्रत्येक वेळी तिची नजर आधी मालनच्या पायांकडं जायची. गुणाजीची छाती फुगली. डॉक्टर गाढव, हौसाबाई गाढव, सगळं गाव गाढव. कॅमेऱ्यातून आता हंडा धड जुळत नव्हता, दार जुळत नव्हतं, सगळ्या घराचे तुकडे झालेले. पण मालन जुळायची, सहावर. त्याला तेवढंच पुरेसं होतं.

प्रणितचा फोन आला. "आजोबा, झाला का तो? गिऱ्हाईक थांबलंय."

"नाही झाला. होणार नाही. नाल्यात टाकला म्हणून सांग त्याला."

"अहो, असू दे खराब! शोकेसमध्ये ठेवायला नेतात लोक. व्हाइब असते ना."

"तुझ्या व्हाइबच्या आयला," म्हणून गुणाजीनं फोन ठेवला.

मग मालन जास्तीच्या भाकऱ्या थापायला लागली.

आधी एखाददुसरी. मग परातभर. "कोण खाणार?" त्यानं विचारलं तर ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची. चालताना ती आता सरळ चालत नसे, बाजूनं पाय चोरून जायची, जशी माणसं बसलेल्या मांडवातून बाई जाते. मधूनच पदर आवरायची. खोलीत वास यायला लागला. बोंबलांचा नाही. तो वास गुणाजीच्या ओळखीचा होता, पण कुठला ते ओठांवर येत नव्हतं. एका दुपारी ते आठवलं. हिरवा बांबू, उदबत्ती आणि बंद खोलीत खूप माणसं मुकाट बसल्यावर येतो तो घामट वास. मयताच्या घरातला. फोटो काढायच्या आधीचा.

आवाज फारसा नव्हता. फक्त दुपारी, गल्ली निजली की, लुगड्याला लुगडं घासल्यासारखं काहीतरी. कुणीतरी जरा सरकून बसतंय, दुसऱ्याला जागा करून देतंय.

मालनला झोप लागेना. खाटेच्या अगदी कडेला ती बसून राहायची, अंग चोरून.

"पड की," गुणाजी म्हणाला.

"कुठं परू? जागा नाय…"

"काय बडबडतेस? अख्खी खाट मोकळी आहे."

"समदे बसलेत." ती फार हळू बोलत होती, ऐकू जाईल म्हणून बोलतात तसं. "ते इचारतात, फोटो कवा होनार. त्यांना जायाचंय. निजायचंय. पन त्यांना डोलं मिटता येईत नाय… तुमी उगारले ना."

गुणाजी ओरडणार होता. पण ओरडला नाही. त्यानं कॅमेरा उचलला. डोळा लावायचा नव्हता, तरी लावला. समोर रिकामी खोली, पलीकडं भिंत, सगळं धुरकट. कडी फिरवत आणली. पंधरा. दहा. आणि सहावर गोलातलं काहीतरी जुळलं.

गुडघे. ओळीनं गुडघे. मांडी घालून बसलेल्यांचे, पाय दुमडून बसलेल्या बायकांचे. प्रत्येक मांडीवर दोन हात, तळवे खाली, बोटं एकाशी एक लावून. हात असे ठेवा म्हणून त्यानंच कुणाकुणाला सांगितलं होतं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि खाटेवर, मालनच्या दोन्ही बाजूंना.

कॅमेरा जरा वर केला असता तर तोंडं दिसली असती. त्यानं वर केला नाही.

जे जे आडव्या आठावर होतं ते ते त्यानं सहा फुटांवर आणून बसवलं होतं. बायको एकटी आणायला गेला, पण भिंगाला एकटं माणूस कळत नाही. भिंगाला फक्त अंतर कळतं.

"परत डोंगरावर लावा," मालन म्हणाली. "मना सोरा."

"गप बस."

"सोरा मना. मी लय दमलेय."

"गप बस म्हटलं ना!" तो घर सोडून बाहेर निघाला. खाडीकाठी जाऊन बसला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत राहिला. परत आल्यावर कॅमेरा त्यानं कपाटात घातला, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला. मालननं पुन्हा विषय काढला नाही. ती फक्त कडेकडेला सरकत गेली. खाटेवरून खाली, खालून कोपऱ्यात. कोपऱ्यात ती उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घेऊन, मासळी बाजारात जागा न मिळालेल्या बाईसारखी. आणि एके दुपारी गुणाजीला दिसलं की ती निजलीय. तशीच बसल्या बसल्या. श्वास संथ, मान कललेली.

डोळे उघडे.

त्यानं तिच्यापुढं हात हलवला. पापणी लवली नाही. ती झोपेतच रडत होती. उघड्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

जन्मात पहिल्यांदा गुणाजीला शिवी कुणाला द्यावी ते सुचलं नाही.

त्यानं कपाट उघडलं. कॅमेरा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅलरीत गेला. ऊन उतरायला लागलं होतं. इमारतींच्या फटीत पारसिकचा डोंगर, उघडाबोडका, अंगावर झोपड्या चढलेल्या. गुणाजीला तो डोंगर कधी आवडला नव्हता. त्यानं स्क्रू ढिले केले. मागं खोलीत लुगड्याला लुगडं घासल्याचा आवाज झाला. खूप जण एकदम उठल्यासारखा.

"थांबा रे," तो मागं न बघता म्हणाला. "थांबा जरा. तिला पुढं घालू नका. हळू न्या तिला…"

डोंगराचे दोन तुकडे त्यानं जुळवले. कडी सहावरून ढकलत ढकलत आडव्या आठावर नेली. स्क्रूची खाच सापडत नव्हती. एक स्क्रू आवळला. दुसरा आवळला. शेवटचा राहिला तेव्हा आतून मालनचा आवाज आला, झोपेत बोलावा तसा, "आता बरं वाटतंय." मग त्यानं तोही आवळला.

आत अगदी सामसूम झाली. वास गेला. बोंबलांचा तेवढा उरला. गुणाजी दिवेलागणीपर्यंत गॅलरीतच बसून होता. हौसाबाई आली, तिनं दार ढकललं, आणि तिच्या रडण्यावरून गल्लीला कळलं. मालन खाटेवर पडलेली होती, पाय लांब करून, अख्खी खाट व्यापून. डोळे मिटलेले.

सकाळी सगळा गोतावळा जमला. कल्याणहून प्रणित आला. कुणीतरी म्हणालं, काकींचा एकही फोटो नाही, तेराव्याला हार कशाला घालायचा? प्रणितनं लगेच मोबाइल काढला.

"तो खिशात घाल," गुणाजी म्हणाला. "रोल आहे का तुझ्याकडं?"

प्रणितच्या बॅगेत होता. गुणाजीनं तो त्या शिकाऊ कॅमेऱ्यात भरला. मालनला भिंतीला टेकवू दिलं नाही, पडू द्या म्हणाला. बायामाणसं दोन्ही बाजूंना बसली. खोली काळोखी, म्हणून प्रणित त्याच्या खांद्याशी मोबाइलची बॅटरी धरून उभा राहिला. "आजोबा, ऑटोफोकस असता ना," तो कुजबुजला, "तर आत्तापर्यंत…"

"थोबाड बंद."

मालन पायाशी होती. हात लांब केला असता तर कपाळाला लागला असता. गुणाजीनं कडी आडव्या आठावर नेली. ती तिथं जुळली, भुवईचा केस न् केस. बाकीचे बसलेले सगळे धुरकट. त्यानं कडीला आता हात लावला नाही. खट्. एकच फोटो काढला आणि कॅमेरा प्रणितच्या हातात दिला.

"ने हा. आणि फोटो धुवायला दिलास की त्याला पेन्सिल लावायची नाही. सांग धुणाऱ्यांना. डोळ्यांना हात लावायचा नाही."

दिवसकार्याच्या आदल्या दिवशी दुपारी प्रणित बाइकवरून आला. पाकीट उघडायच्या आधीच हसत होता.

"आजोबा, डबडं डबडं म्हणता, पण काय फोटो आलाय बघा! आजी एकदम शार्प."

गुणाजीनं फोटो उजेडात धरला. मालन होती. मिटलेल्या डोळ्यांची, दमून निजलेली, तिची तीच. दोन्ही बाजूंच्या बायका धुक्यात बसल्यासारख्या, हौसाबाईचं तर तोंडसुद्धा ओळखू येत नव्हतं. गुणाजीचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्यानं "ठीक आहे" म्हणून फोटो बाजूला ठेवायला घेतला.

"अहो, इकडं बघा ना, मला!" प्रणितनं बोट लावलं. "आजीच्या पायाशी. बाकी सगळे आउट, आणि मी कसला क्लिअर आलोय. शर्टावरचं नाव वाचता येतंय!"

खरंच वाचता येत होतं. मालनच्या पायाशी मांडी घालून प्रणित बसला होता. गालावरचा दाढीचा खुंट न् खुंट.

गुणाजीनं फोटो खाली ठेवला. मग त्यानं हात पुढं केला. "कॅमेरा दे."

"कॅमेरा? तो गेला की."

"कुठं गेला?"

"विकला. हाच फोटो टाकला होता ना जाहिरातीत, तासाभरात गिऱ्हाईक. कुरियरनं पाठवला पण. लांब कुठंतरी, नाव नाही आठवत. परत नाही येणार आता तो, टेन्शन घेऊ नका."

"माघारी आण."

"काय आजोबा…"

"मी सांगतो ना, माघारी आण! माणूस पाठव, पैसे दे, काय वाटेल ते कर. प्रणित, ऐक माझं. आज इथंच राहा. गाडीला हात लावू नकोस. जेव, झोप, इथंच राहा."

प्रणित हसायला लागला. या म्हाताऱ्यानं आजवर कुणाला पाणी पी म्हटलं नव्हतं. हसता हसता त्यानं फोटो परत उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"पण आजोबा, एक कळलं नाही. तुम्ही फोटो काढला तेव्हा मी तर तुमच्या मागं उभा होतो ना… बॅटरी धरून?"